घरची टाकी आणि आपल्या पाण्यांतला मासा

अलीकडे खेड्यांतील बऱ्याच घरांतूनहि ओसरीवर किंवा माजघरांत कांचेची टाकी दिसूं लागली आहे व तींत रंगीत मासे सोडलेले असतात. हा छंद वाईट आहे असें मी म्हणत नाहीं. शेतकऱ्याच्या मुलांनीं मुका जीव नेमानें सांभाळण्यास शिकावें, यांत लाभच आहे. माझें म्हणणें इतकेंच कीं, टाकींत कोणता मासा ठेवावा, तो कोठून आणावा, आणि त्याची वीण वाढल्यावर पिलांचें काय करावें, हे तीन प्रश्न मासा विकत घेण्यापूर्वीं आपल्या मनाशीं सोडविले पाहिजेत. ते न सोडविल्यामुळें होणारें नुकसान घरांत दिसत नाहीं. तें ओढ्यांत आणि नदींत दिसतें.

टाकींत पाळल्या जाणाऱ्या माशांत सिक्लिड नांवाचें एक मोठें कुळ आहे. दुकानांत मिळणारे एंजल, ऑस्कर आणि आफ्रिकेच्या सरोवरांतले निळे-पिवळे मासे हे त्याच कुळांतले होत. उजनीच्या पाण्यांत जाळें भरून निघणारी चिलापीहि त्याच कुळाची. या कुळांतील बहुतेक जाति आफ्रिकेंतील व अमेरिका खंडांतील आहेत. भारताच्या मूळच्या जाति मात्र तीनच. पहिली, कोंकणांत व गोव्यांत जिला कालुंदर म्हणतात ती. केरळांत तिला करिमीन म्हणतात व २०१० सालीं त्या राज्यानें तिला आपला राज्यमासा ठरविलें. दुसरी कर्नाटकाच्या दक्षिण भागांतील मोजक्या नद्यांतच आढळणारी. तिचें वर्णन फ्रान्सिस डे यानें १८७७ सालीं केलें. तिसरी जात म्हणजे नारिंगी क्रोमाइड. मल्याळी लोक तिला पल्लत्ति म्हणतात. बर्लिनचा वैद्य ब्लॉख यानें १७९५ सालीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिघींचे जवळचे भाऊबंद पाहूं गेल्यास ते मादागास्कर बेटांत सांपडतात, इतकें हें घराणें जुनें आहे. असें असतां आपल्या टाक्यांत परदेशचे मासे मिरवितात आणि घरचा मासा कोणास ठाऊकहि नसतो.

नारिंगी क्रोमाइड सुमारें तीन इंच लांबीचा मासा. अंग पिवळसर नारिंगी, त्यावर तांबड्या बारीक ठिपक्यांच्या ओळी, आणि कुशीवर मधोमध एक मोठा काळा डाग. दक्षिणेकडील किनाऱ्यालगतच्या गोड्या व मचूळ पाण्यांत, तसेंच श्रीलंकेंत तो राहतो. म्हणून त्याला मऊ पाण्यापेक्षां जड पाणी मानवतें. ज्या विहिरीच्या पाण्यांत साबणाला फेंस येत नाहीं म्हणून घरांतील बायका कुरकुर करतात, तेंच पाणी या माशास चांगलें. नळाचें पाणी असल्यास त्यांतील क्लोरीन निघून गेल्याशिवाय तें टाकींत घालूं नये. एका जोडीस तीन फूट लांबीची टाकी असावी आणि पाण्याची ऊब २५ ते २८ अंश ठेवावी.

नवी टाकी भरून त्याच दिवशीं मासे सोडण्याची घाई फार लोक करतात व मासे मेले म्हणजे दुकानदारास दोष देतात. यांतलें कारण शेतकऱ्यास समजावून सांगण्याची गरज पडूं नये. ताजें शेण पिकाच्या मुळाशीं घातलें तर पीक जळतें. तेंच कुजवून घातलें तर पीक पोसतें. माशाच्या विष्ठेपासून प्रथम अमोनिया होतो, तो विषारी. सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषारीच. आणि त्याचें पुढें नायट्रेट होतें, तें पुष्कळ सौम्य. हे जंतु गाळणींत व वाळूंत वसण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत मासे थोडे, खाणें थोडें आणि धीर मोठा ठेवावा. पुढें दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. काढलेलें पाणी गोडें असल्यास परसांतील वांगी-मिरच्यांस घालावें. तें खतच आहे.

या माशांत नर-मादी सहज ओळखूं येत नाहींत. यासाठीं सहा-आठ लहान मासे एकत्र वाढवावे आणि त्यांची जोडी त्यांनाच जुळवूं द्यावी. जोडी जुळली कीं ती एक कोपरा धरून बसते व इतरांस हांकलूं लागते. टाकींत एक कौल किंवा नारळाची करवंटी उलटी ठेवली असतां तिच्यावर मादी शें-दोनशें अंडीं चिकटविते. नर व मादी दोघेंहि परांनीं त्यांवर पाण्याचा वारा घालतात आणि राखण करतात. चार-पांच दिवसांनीं अंडीं फुटलीं म्हणजे वाळूंत उकरलेल्या खळग्यांतून पिलें हलवितात. पिलें पोहूं लागलीं कीं आईबापांच्या अंगास तोंडें लावून त्यांच्या कातडीवरील बुळबुळीत स्राव खातात. गुरें राखणाऱ्यास हें दृश्य वासराच्या दूध पिण्यासारखें वाटल्यास नवल नाहीं. वॉर्ड व बार्लो या अभ्यासकांनीं १९६७ सालीं याविषयीं निबंध प्रसिद्ध केला. म्हणून पिलें तत्काळ वेगळीं करण्याची चूक करूं नये. आईबापांपाशींच ठेवून, शिवाय आर्टेमियाचीं नुकतीं फुटलेलीं पिलें त्यांस खावयास घालावीं.

येथवर पाळण्याची रीत झाली. आतां मुख्य मुद्दा.

एका विणींतून शंभर पिलें जगलीं तर तीं ठेवावयाचीं कोठें? बहुतेक लोक अशा वेळीं विहीर, शेततळें किंवा ओढा जवळ करतात, आणि जीवदान दिल्याचें पुण्य पदरीं पाडून घेतात. यासारखें खोटें पुण्य दुसरें नाहीं. शेततळें पावसाळ्यांत भरून वाहतें, तें पाणी ओढ्यास मिळतें, ओढा नदीस मिळतो. मोझांबिकची तिलापिया १९५२ सालीं या देशांत आणली ती लोकांस स्वस्त अन्न मिळावें या हेतूनेंच. हेतु चांगला होता. परंतु ती लहान वयांतच विते, मादी पिलें तोंडांत धरून जगविते, आणि तळें खुरटलेल्या माशांनीं भरून टाकते. गांवच्या दप्तरांत चुकीचा फेरफार झाला तर वरिष्ठांकडे अपील करून तो रद्द करतां येतो. नदींत झालेल्या फेरफारास अपील नाहीं.

कोणी म्हणेल, नारिंगी क्रोमाइड तर देशीच आहे, तो सोडला तर बिघडलें काय? माझें उत्तर असें कीं, केरळांतला मासा भीमा-गोदावरीस देशी होत नाहीं. शिवाय टाकींत दहा पिढ्या निवडून वाढविलेला मासा मूळचा राहत नाहीं. केवळ सोनेरी रंगाची निवड करून याच माशाचा एक वेगळा वाण तयार झालेला आहेच. टाकींतले रोगहि त्याच्याबरोबर बाहेर जातात. जो शेतकरी आपल्या शाळूच्या बियाण्यांत दुसऱ्याचें बीं मिसळूं देत नाहीं, त्याला हें पटावें.

दुसरा आक्षेप असा कीं, एवढी जोखीम असेल तर मासे पाळूंच नयेत. हेंहि मला मान्य नाहीं. घरांत न पैदा झालेला मासा बाजारांत येतो तो कोठून? कोणाच्या तरी नदींतून पकडून. ज्या जातीचें वसतिस्थान दोन-चार नद्यांपुरतेंच आहे, तिच्यावर अशी उचल फार काळ सोसवणार नाहीं. घरोघरीं पैदास झाली तर ही उचल कमी होऊं शकेल. पैदास करणारा हा त्या जातीचा राखणदार आहे. पकडून आणून मारणारा हा केवळ गिऱ्हाईक आहे. हा फरक आपण ओळखला पाहिजे.

यासाठीं आपल्या सभासदांपुढें तीन सूचना ठेवतों. पहिली, टाकींत पैदा झालेलेच मासे घ्यावे आणि विकणाऱ्यास तसें स्पष्ट विचारावें. दुसरी, ज्यांच्याकडे जोड्या आहेत त्यांनीं एक वही ठेवावी: जोडी कोठून आली, अंडीं कोणत्या दिवशीं घातलीं, किती जगलीं, कोणास दिलीं. मी आयुष्य दप्तरांत काढलें, म्हणून वहीचें माहात्म्य सांगतों असें नव्हे. वहीवांचून भावाबहिणींचा संकर कोणत्या पिढींत झाला हें कळतच नाहीं, आणि मग वीण क्षीण होते. वहीच्या आधारें सभासदांनीं आपसांत नर-माद्यांची अदलाबदल करावी. तिसरी, पिलांस घेणारा मिळेपर्यंत जोडीस पुन्हां वीण घेऊं देऊं नये. कौल काढून घ्यावें, जोडी वेगळी करावी. आणि कांहींहि झालें तरी एकहि मासा उघड्या पाण्यांत सोडूं नये.

यांतून घरखर्च निघेल अशी आशा मी कोणास दाखवीत नाहीं. गिऱ्हाईक ठरल्यावांचून टाक्या वाढविणें म्हणजे बाजार न पाहतां टोमॅटो लावण्यासारखें आहे. परंतु मुलांस नेम लागेल, पाण्याची पारख येईल, आणि आपल्याच देशांतील एक जुना जीव आपल्या ओळखीचा होईल. नदी ही कोणा एकाच्या खात्यावर लागलेली नसते, म्हणूनच ती सर्वांनीं संभाळावयाची असते. घरांत टाकी आणणाऱ्या प्रत्येक सभासदानें याचा विचार करावा, अशी विनंति आहे.