भरती आणि भराव

दिवाळी उरकली की शनिवारी पहाटेच कोल्हापुरातून गाड्या घाट उतरू लागतात. करूळ, फोंडा, आंबोली, वाट कोणतीही असो, दुपारचे जेवण मालवण-वेंगुर्ल्याकडेच. याच सुमारास दुसरेही पाहुणे त्या किनाऱ्यावर पोहोचलेले असतात. हिमालयापलीकडून, मध्य आशिया आणि सैबेरियातून आलेले चिखले, तुताऱ्या, कुरव हे पक्षी. आपण दोन दिवस राहून परततो, ते मार्च-एप्रिलपर्यंत थांबतात. त्यांची उतरण्याची जागा मात्र आक्रसते आहे. खाडीकाठच्या प्लॉटांच्या जाहिराती कोल्हापूरच्या चौकाचौकांत लागतात आणि ते प्लॉट घेणारेही आपल्यातलेच असतात. म्हणून हा प्रश्न कोकणावर ढकलून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

माणसाचा हात लागला आणि पक्षी गेले, असे सरसकट म्हणणे चूक ठरेल. कोकणचा किनारा माणसाने शेकडो वर्षे घडवलेला आहे. खाडीला बांध घालून पिकवलेली खारजमीन, त्या बांधातल्या पाणी सोडायच्या उघाड्या, माडांच्या बागा, मिठागरे. वेंगुर्ल्याजवळच्या शिरोड्याचेच पाहा. मे 1930 मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला तो इथे. वि. स. खांडेकर 18 वर्षे इथल्या शाळेत शिकवून 1938 मध्ये कोल्हापूरला आले, तेव्हा या गावाशी आपले नाते जुनेच.

अशा मिठागराच्या कडेला भरतीच्या वेळी तासभर उभे राहावे. ओहोटीत खाडीच्या चिखलावर किडे आणि बारीक शिंपले टिपत विखुरलेले पक्षी पाणी चढू लागताच थव्याने उठतात. चिखल बुडालेला, पाय टेकायला जागा नाही. मग ते मिठागराच्या बांधांवर आणि उथळ वाफ्यांत उतरतात. लांब गुलाबी पायांचा शेकाट्या पोटापर्यंतच्या पाण्यात निर्धास्त शिरतो. मुठीएवढा चिखल्या ओल्या काठावर चार पावले पळतो, थबकतो, टोच मारतो आणि पुन्हा पळतो. वाफ्यागणिक पाण्याची खोली वेगळी, खारटपणा वेगळा, म्हणून खाणेही वेगळे आणि खाणारेही. ओहोटी लागली की सारे परत खाडीत. मीठ पिकवणाऱ्याने हे पक्ष्यांसाठी केले नव्हते, पण समुद्राचे पाणी आत घेणे हाच त्याच्या धंद्याचा पाया होता. पक्ष्यांना तेवढे पुरले.

भराव टाकला की हे सारे संपते. पाणी आत घेणारा बांध आणि ते तोडणारा भराव यांतला हा फरक आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नाशिक जिल्ह्यातले नांदूरमध्यमेश्वर हे मानवनिर्मित बंधाऱ्याचे पाणी, तरीही 2020 मध्ये ते महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. चहूबाजूंनी महानगराने वेढलेल्या ठाणे खाडीला तोच दर्जा 2022 मध्ये मिळाला. उलट 2024 च्या उन्हाळ्यात नवी मुंबईतल्या नेरुळच्या तळ्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) मरून पडले, तेव्हा तिथे येणारे खाडीचे पाणी अडले असल्याचे समोर आले. माणसांची गर्दी पक्षी सोसतात, पाणी तुटलेले सोसत नाहीत. कावळे, घारी आणि गायबगळे भरावावरही राहतात. त्यामुळे निव्वळ पक्षी मोजणाऱ्याला काही बिघडले आहे असे लवकर कळतही नाही.

कांदळवनाला निदान मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाचे कवच आहे. बंद पडलेल्या मिठागराला आणि पडीक खारजमिनीला वाली कोण? सातबाऱ्यावर 'पोटखराब' असा शेरा बसला की ती जमीन निरुपयोगी ठरते आणि निरुपयोगी जमीन बुजवायला कोणाचा हात आखडत नाही. त्यात 2019 च्या किनारा नियमावलीने ग्रामीण भागात खाडीकाठी मोकळी सोडायची पट्टी 100 मीटरवरून 50 मीटरवर आणली. महसूल खात्याने अशा जमिनींची गावनिहाय नोंद करावी आणि तीत उधाणाचे पाणी कुठपर्यंत येते ते दाखवावे. प्लॉट घेणाऱ्याने दर विचारण्याआधी पुनवेच्या भरतीला ती जागा जाऊन पाहावी. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचे शेवटचे टोक शिरोड्याला लागूनच आहे. या रस्त्याला आमचा विरोध नाही. पण खाजणातून मातीचा भराव टाकून तो नेला आणि खाली दोन-चार अरुंद मोऱ्या ठेवल्या, तर पलीकडचे पाणी मरेल. तिथे खांबांवरचा पूल हवा. खर्च वाढेल, तो करावा.

आणि घाटावर? समुद्र नसताना आपण कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाला चौपाटी म्हणतो. संध्याकाळी शहराच्या बाजूच्या बांधीव काठावर भेळेच्या गाड्या लागतात आणि पाण्यात सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी. त्या दगडी कठड्यापाशी पाण्यात चालणाऱ्या पक्ष्याला उभे राहायला वीतभरही उथळ जागा नाही. पलीकडे पाणथळ मातीचा काठ आहे, तिथे वारकरी पक्षी पोहतात, जांभळ्या पाणकोंबड्या गवतात चरतात. सुशोभीकरणाचा पुढचा आराखडा महापालिका करील तेव्हा त्या काठाला दगड लावू नयेत, दिवे लावू नयेत, आणि तिकडे येणारे नाले आधी वळवावेत.