वाटीभर रबडी, बादलीभर पाणी

बालमित्रांनो, सहलीची सूचना फळ्यावर लिहिली की वर्गातून पहिला प्रश्न कोणता येतो, सांगा पाहू! "तिथे बघायला काय आहे?" छे! आमच्या डोणगावात पहिला प्रश्न येतो, "बाई, तिथी खायाले काय भेटते?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "रात्री झोपाचं कुठी?" तुमच्या शाळेतही शब्द थोडे वेगळे असतील, पण प्रश्न हेच असणार. मोठी माणसं यावर हसतात. मला मात्र हे दोन्ही प्रश्न फार शहाणे वाटतात. एखादं गाव नीट ओळखायचं असेल, तर त्याच्या चुलीपासून आणि पाण्याच्या माठापासूनच सुरुवात करावी. म्हणून आज या दोन प्रश्नांचं बोट धरून आपण एका डोंगरावरच्या गावाला जाऊ या. गाव दूरचं नाही, आपल्या विदर्भातलंच आहे. त्याचं नाव चिखलदरा.

आमचं डोणगाव बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यात. इथून निघालं की मालेगाव, पातूर, अकोला, अकोट, अंजनगाव सुर्जी करत परतवाड्याला पोचायचं. वाटेतल्या अंजनगावाकडे नीट बघा बरं का. इथल्या पानमळ्यांत पानवेलींसोबत औषधी पानपिंपळीही पिकते. आणि इतिहासाच्या तासाला ज्याचं नाव येतं, तो शिंदे आणि इंग्रज यांच्यातला सुर्जी-अंजनगावचा तह इथलाच, ३० डिसेंबर १८०३ चा. परतवाडा सोडलं की सपाट रस्ता संपतो आणि सातपुड्याचा घाट सुरू होतो. कानात दडे बसतात, खिडकीतून गार वारा येतो, आणि थोड्या वेळाने आपण अमरावती जिल्ह्यातल्या चिखलदऱ्याला पोचतो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे १११८ मीटर.

आता एक छोटं गणित करू. अकोला सुमारे २८० मीटर उंचीवर आहे. म्हणजे अकोल्यापासून आपण जवळजवळ ८४० मीटर वर चढलो. वर जावं तशी हवा थंड होते, साधारण दर हजार मीटरला सहा अंश सेल्सियस. मग अकोल्यात अंगाची लाही होत असेल, तेव्हा चिखलदऱ्यात किती अंश कमी असतील? बरोबर, सुमारे पाच. स्वेटर का घ्यायला सांगतात, ते कळलं ना?

ही उंची आपल्या ताटापर्यंतसुद्धा पोचते. पाणी १०० अंशांना उकळतं, असं आपण पाठ करतो. ते समुद्रकाठी खरं. उंचावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून पाणी लवकर उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी तापमानावर. चिखलदऱ्यात ते ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. "मग तर बरंच झालं, स्वयंपाक लवकर होईल!" असं म्हणू नका हं. पाणी उकळतं लवकर, पण ते असतं कमी गरम. म्हणून उघड्या पातेल्यातली डाळ शिजायला जास्त वेळ लागतो आणि जळणही जास्त लागतं. जेवणाला थोडा उशीर झाला तर वाढणाऱ्या काकूंवर चिडायचं नाही. तो उशीर डोंगराचा आहे!

चिखलदऱ्याच्या नावाची एक गोष्ट सांगतात. विराट राजाचा सेनापती कीचक याला भीमाने मारलं आणि इथल्या दरीत फेकून दिलं, म्हणून हा कीचकदरा, त्याचा पुढे चिखलदरा झाला. भीमाने जिथे हात धुतले म्हणतात, ते भीमकुंडही इथे दाखवतात. पुस्तकांत आणखी एक वाक्य वाचायला मिळेल, की १८२३ साली हैदराबादच्या पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने चिखलदऱ्याचा शोध लावला. आता मला सांगा, माणसं राहत असलेल्या जागेचा शोध कसा लागतो? रॉबिन्सन येण्याच्या कितीतरी आधीपासून या डोंगरात कोरकू आणि गवळी लोक राहत होते. जवळच्या किल्ल्याचं नावच बघा ना, गाविलगड! हे नाव गवळ्यांवरूनच पडलं असं मानतात. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रजांनी भोसल्यांकडून हा किल्ला घेतला. किल्ला आज ओस पडलाय, गवळी मात्र अजून आहेत. आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच गोठ्यात आहे.

हो, चिखलदऱ्यात खायचं ते रबडी आणि खवा! रुंद कढईत म्हशीचं दूध मंद आचेवर तापत ठेवतात. साय धरली की ती हलकेच कडेला सारायची. पुन्हा साय धरते, पुन्हा सारायची. शेवटी आटलेल्या दुधात त्या सायीचे थर आणि साखर मिसळली की झाली रबडी. खवा करायचा तर दूध पार घट्ट गोळा होईपर्यंत आटवायचं आणि सारखं ढवळत राहायचं. क्षणभर हात थांबला की खाली लागलंच म्हणून समजा! साधारण पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. उरलेलं गेलं कुठे? वाफ होऊन हवेत.

पण एवढा खटाटोप कशासाठी? दूधच का नाही विकत? विचार करा. गाव डोंगरावर, मोठी बाजारपेठ खाली घाटाच्या पलीकडे. दूध काही तासांत नासतं. त्यातलं पाणी कमी केलं की ते जास्त टिकतं, कारण नासवणाऱ्या जंतूंना वाढायला पाणी लागतं. शिवाय पाच लिटरचं ओझं एक किलोवर येतं. म्हणजे खवा ही नुसती मिठाई नाही, तर दूध घाटाखाली पोचवण्यासाठी गवळ्यांनी काढलेली ती एक युक्ती आहे. किती हुशारी आहे ना यात?

चिखलदऱ्यात कॉफीही पिकते. महाराष्ट्रात कॉफी फार थोड्या ठिकाणी होते, त्यांतलं हे एक. कॉफीच्या झाडाला गारवा, पाऊस आणि डोक्यावर सावली लागते. ते सगळं इथे आहे. अलीकडे आसपासच्या गावांत शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीही लावली आहे. हिवाळ्यात गेलात तर ताजी मिळेल.

आता जरा थांबून एक वेगळी गोष्ट सांगते. ज्यांच्या डोंगरात आपण रबडी खातो, त्या कोरकू लोकांच्या ताटात काय असतं? ज्वारीची किंवा मक्याची भाकरी, आणि कुटकीचा भात. कुटकी म्हणजे बारीक दाण्याचं भरडधान्य. ते उतारावरच्या हलक्या जमिनीतही येतं. कोरकूंची भाषाही वेगळी. ती मराठी-हिंदीच्या कुळातली नाही, झारखंडातल्या मुंडारी, संथाळी भाषांची ती बहीण आहे. 'कोरकू' या शब्दाचा अर्थच मुळी 'माणसं' असा आहे.

याच मेळघाटातली तुमच्यापेक्षाही लहान बाळं पुरेसं अन्न आणि वेळेवर औषध न मिळाल्यामुळे दगावत होती. १९९३ साली या बातम्या राज्यभर पोचल्या आणि सगळे हादरले. त्यानंतर बरंच काम झालं, पण प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. हे मी तुमची रबडी कडू करायला सांगत नाही. पण ज्या तालुक्यात एखाद्या घरी पोटभर जेवणाची पंचाईत असेल, तिथे आपण ताटात अर्धी पोळी टाकून उठणं बरं दिसेल का? भूक असेल तेवढंच वाढून घ्या. आणि रस्त्याकडेला एखादी आजी भाजलेलं मक्याचं कणीस, सीताफळं किंवा जांभळं घेऊन बसली असेल, तर पुडीबंद वेफर्सऐवजी ती घ्या. त्या पैशांतला प्रत्येक रुपया त्याच डोंगरात राहील.

आता दुसरा प्रश्न, झोपायचं कुठे? राहायला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं निवासस्थान आहे, वन विभागाची विश्रामगृहं आहेत, खाजगी हॉटेलंही आहेत. पावसाळ्यात आणि सलग सुट्ट्यांत फार गर्दी होते, म्हणून जागा आधी ठरवूनच निघावं. पण झोपायच्या जागेपेक्षा मोठा प्रश्न आहे तो त्या खोलीच्या मोरीतल्या नळाचा.

चिखलदऱ्यात वर्षाला सुमारे दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्याकडे एवढा पडला तर शेतं वाहून जातील! तरीही उन्हाळ्यात चिखलदरा तालुक्यातल्या काही गावांना टँकरने पाणी पुरवावं लागतं. "काऊन बरं?" असंच विचारलंत ना? कारण डोंगराला उतार आहे आणि खाली काळा कातळ आहे. पाणी मुरायला जागा कमी, पळायला वाट भरपूर. चंद्रभागा, शहानूर अशा नद्यांमधून ते खाली मैदानात उतरतं आणि पूर्णा नदीला जाऊन मिळतं. घरावरच्या पत्र्यावर कितीही पाऊस पडला, तरी खाली पिंप ठेवलं नसेल तर पाणी राहतं का? तसंच हे. शक्कर तलाव, कालापानी तलाव ही चिखलदऱ्याची पिंपं. पण ती काही अमर्याद नाहीत. २०११ च्या जनगणनेत गावची वस्ती सुमारे पाच हजार होती. सुट्टीच्या दिवशी पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागते, आणि त्या सगळ्यांना आंघोळीला गरम पाणी हवं असतं!

चला, पुन्हा एक गणित. सहलीला ४० मुलं गेली. प्रत्येकाने गरज नसताना १५ लिटरच्या दोन बादल्या जास्त सांडल्या. किती पाणी झालं? ४० गुणिले ३० म्हणजे १२०० लिटर. आता समजा, गावातली एखादी ताई डोक्यावर १५ लिटरचा गुंड घेऊन पाणी भरते. तिच्या किती खेपा झाल्या? ऐंशी! आपण नळाखाली खिदळत सांडलेल्या पाण्यात तिच्या ऐंशी खेपा वाहून गेल्या.

आणखी एक धागा जोडते. देखाव्याच्या जागी वेफर्सची रिकामी पुडी फेकली. मिठाचा वास असतो म्हणून चरायला आलेली म्हैस ती चाटते, कधी गिळतेही. प्लास्टिक तिच्या पोटात साचतं, ती आजारी पडते. मग दूध कुठलं आणि रबडी कुठली? शिवाय चिखलदऱ्याच्या भोवतीचं जंगल हे मेळघाटचं जंगल. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्रप्रकल्प झाले, त्यांतला हा एक. गवा, अस्वल, सांबर यांचं ते घर आहे. आपण त्यांच्या अंगणातून चाललोय, म्हणून गोंगाट नको आणि कचरा तर नकोच.

आपल्याकडे 'अतिथी देवो भव' म्हणतात. पण हे वाक्य यजमानासाठी आहे बरं का! पाहुण्याने स्वतःला देव समजायचं नसतं. पाहुण्याने काय करायचं, ते आपण ठरवू या. एका बादलीत आंघोळ. ताटात घेतलेलं संपवायचं. पुडी, बाटली दप्तरात घालून घरी परत आणायची. भाव करताना चार रुपयांसाठी आजीशी हुज्जत घालायची नाही. आणि निघताना वाढणाऱ्या काकूंना, गवळीकाकांना "येतो आम्ही, जेवण छान होतं" एवढं म्हणायचं. जड आहे का यातलं काही?

पालकांनाही दोन शब्द. शाळेच्या सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, म्हणून मुलांना अवश्य पाठवा. घरच्यांसोबत गेलात तर खोली ठरवताना गादी किती मऊ आहे हे विचाराच, पण पाणी कुठून येतं आणि कचरा कुठे जातो, हेही मुलांदेखत विचारा. मुलं आपल्या उपदेशापेक्षा आपले प्रश्न जास्त लक्षात ठेवतात.

आता या आठवड्याचा उद्योग. आज आंघोळीला तुम्ही किती बादल्या पाणी घेता, ते मोजा. मग एका बादलीने कमी करून पाहा. आई-बाबा हो म्हणाले तर एक लिटर दूध त्यांच्यासमोर आटवा आणि किती खवा उरतो ते वजन करून लिहा. आणि हो, तुमच्या गावी कुणी पाहुणा आला तर त्याला कोणता पदार्थ खाऊ घालाल, आणि तो पदार्थ तुमच्याच गावचा का, हेही कळवा. चांगली पत्रं याच पानावर छापू.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटूच. तोवर बादलीकडे लक्ष असू द्या!