'आमच्या गावचा दवाखाना' : हा निबंध पुन्हा लिहून घ्या

सातवीला 'आमच्या गावचा दवाखाना' हा निबंध दिला की ठरलेली वाक्यं येतात. दवाखाना स्वच्छ असतो, डॉक्टर देवासारखे असतात वगैरे. यंदा मी म्हटलं, गाईडमधलं नको, पाहिलेलं लिहा. एकानं लिहिलं, "आई बाळंत झाली तवा आजीले बसाले जागा नव्हती, ती उन्हात बसली." एकीनं लिहिलं, "नळाले पाणी नाही म्हणून संडासाले कुलूप."

शिक्षक मित्रांनो, दवाखाना कसा बांधावा हे या दोन वाक्यांत आलं, असं मला वाटतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातला शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोदचा बराच भाग खारपाणपट्ट्यात येतो. बोअरचं पाणी खारट. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासी वस्त्या. सपाट भागात ५,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र, असा नियम आहे. पण आकडा भागला म्हणजे दवाखाना चालला, असं होत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' सुरू केली. रुग्णालय उभारण्याआधी त्यांनी लोकांनाच विचारलं, दवाखाना कसा हवा? मोठ्या इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना जवळ राहू देत नाहीत, असं लोक बोलले. म्हणून शोधग्रामचं रुग्णालय आदिवासी गावासारखं, कुट्यांचं झालं. नातेवाइकांची सोय झाली, नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. भिंतीपेक्षा ही माणसं जास्त टिकली.

आपल्याकडे काय हवं? ओसरी, दोन कडुनिंब, सिस्टरला कुटुंबासह राहता येईल अशी खोली. लस २ ते ८ अंशांतच ठेवावी लागते आणि लाईटचा भरवसा नाही, म्हणून छतावर सोलर. आणि पावसाच्या पाण्याची झाकलेली टाकी. खर्चाचं म्हणाल, तर टाकी एकदाच बांधायची. टँकर दर उन्हाळ्यात.

हे गणित मी वर्गातच मांडलं. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. समजा छत १०० चौरस मीटर, पाऊस ७०० मिलीमीटर; ७०,००० लिटर! वाया जाणारं सोडलं तरी संडासाचं कुलूप काढायला पुष्कळ.

पालकहो, शनिवारी मुलं उपकेंद्राच्या छताचं माप घ्यायला येणार आहेत. टेप धरायला कुणीतरी मोठं सोबत या. येत्या ग्रामसभेत त्यांचा कागद मी वाचून दाखवणार आहे, निबंधातल्या त्या दोन वाक्यांसकट.