तारांकित मोटारी, अतारांकित प्रश्न

मोटार घेताना भारतीय ग्राहक वर्षानुवर्षे 'किती देते?' एवढेच विचारत आला. अलीकडे त्याच्या जोडीला 'तारे किती?' हा प्रश्न येऊ लागला आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या ब्रिटनस्थित संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच लहान मोटारी आदळवून पाहिल्या, तेव्हा प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत पाचही मोटारींच्या पदरी शून्य तारे पडले होते. तेथून २२ ऑगस्ट २०२३ रोजी नितीन गडकरी यांनी दिल्लीत 'भारत एनकॅप' जाहीर करेपर्यंतचा प्रवास लहान नाही. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झालेल्या या देशी परीक्षेत विजेवरच्या मोटारी पहिल्या बाकावर बसल्या आहेत. जून २०२४ मध्ये टाटांच्या पंच आणि नेक्सॉन यांच्या विद्युत आवृत्त्यांनी पाच तारे मिळवले. पुढे महिंद्रच्या एक्सईव्ही ९ई या मोटारीने प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३२ गुण घेतले. विद्युत मोटार म्हणजे सुरक्षित मोटार, हे समीकरण त्यातून रूढ होऊ पाहत आहे. ते कितपत खरे, हे तपासण्याची वेळ आली आहे.

धडकेच्या क्षणापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. अवजड बॅटरी तळाशी असल्याने मोटारीचा गुरुत्वमध्य खाली येतो आणि ती उलटण्याचा धोका घटतो. पुढे इंजिनाचा ठोकळा नसल्याने तो भाग चेपून धक्का पचवण्यास अधिक वाव मिळतो. बॅटरी जपण्यासाठी घातलेली भक्कम चौकट प्रवाशांच्याही कामी येते. अमेरिकेतील विमा क्षेत्राच्या संशोधन संस्थेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०११ ते २०१९ या काळातील मोटारींची तुलना केली होती. एकाच मोटारीच्या दोन आवृत्त्यांपैकी विजेवरच्या आवृत्तीतील चालक व प्रवाशांच्या दुखापतींचे दावे ४० टक्क्यांहून अधिक कमी आढळले. यात वजनाचा वाटा मोठा आहे. जड मोटार हलक्या मोटारीवर आदळली की मार हलकीलाच अधिक बसतो. विद्युत मोटारीतील प्रवाशाची ही सुरक्षितता काही अंशी समोरच्या वाहनाकडून उसनी घेतलेली असते, हेही विसरून चालणार नाही.

तथापि ताऱ्यांना मर्यादा आहेत. भारत एनकॅपची समोरून होणारी धडक ताशी ६४ किलोमीटर वेगाने घेतली जाते, बाजूने होणारी ५० ने आणि खांबावरची २९ ने. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते; म्हणजे १२० च्या वेगातील ऊर्जा ६४ च्या तुलनेत साडेतीन पट होते. शिवाय चाचणीतील पुतळ्यांनी पट्टा बांधलेला असतो. २०२२ मध्ये देशात अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, त्यांपैकी १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. मोटार महागडी आणि नामांकित होती. मागे बसलेल्या मिस्त्री यांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्टा न बांधणाऱ्याला पाच तारे वाचवत नाहीत, मग मोटार पेट्रोलवर चालो वा विजेवर.

खरा प्रश्न धडकेनंतरचा आहे, आणि विद्युत मोटार पेट्रोलच्या मोटारीहून वेगळी ठरते ती येथेच. विजेवरच्या मोटारी ऊठसूट पेट घेतात, ही समजूत चुकीची आहे. स्वीडनमधील नोंदींनुसार मोटारींच्या संख्येशी तुलना करता त्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारींपेक्षा कमीच पेटतात. पण पेटल्या की त्यांची आग निराळी असते. धडकेने बॅटरीतील एखादा सेल बिघडला तर उष्णता शेजारच्या सेलमध्ये पसरत जाते. वरून ज्वाळा विझल्या तरी आत साठलेली ऊर्जा कायम राहते. मार्च २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे एक टेस्ला मोटार महामार्गाच्या दुभाजकावर आदळली. ज्वाळांनी मोटार वेढण्याआधी वाटसरूंनी चालकाला बाहेर काढले, परंतु जखमा जिव्हारी लागल्याने तो वाचला नाही. त्या मोटारीच्या बॅटरीने पाच दिवसांनंतर, ती भंगारात उभी असताना, पुन्हा पेट घेतला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अशा घटनांचा अभ्यास करून २०२० मध्ये जो निष्कर्ष काढला तो असा, की उत्पादकांनी बचाव पथकांना दिलेल्या मार्गदर्शिका अपुऱ्या आहेत.

दुसरा धोका दाराचा. मार्च २०२५ मध्ये चीनच्या आन्हुई प्रांतात शाओमीची एक विद्युत मोटार द्रुतगती मार्गावर आदळून पेटली आणि तीन विद्यार्थिनी दगावल्या. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये चेंगडूत त्याच कंपनीची मोटार पेटली असता मदतीला धावलेल्यांना तिची दारे उघडता आली नाहीत. पृष्ठभागात लपणारे, विजेवर चालणारे हँडल दिसायला देखणे असते. धडकेत वीज तुटली की ते निरुपयोगी ठरू शकते. चीन सरकारने यावर नियम केला: २०२७ च्या १ जानेवारीपासून नव्या मोटारींना आतून आणि बाहेरून हाताने उघडता येणारी यांत्रिक सोय असलीच पाहिजे. बॅटरीबाबतही त्या देशाने पाऊल पुढे टाकले. २०२० च्या मानकात बॅटरी पेटण्याआधी पाच मिनिटे प्रवाशांना इशारा मिळावा, एवढीच अपेक्षा होती; जुलै २०२६ पासूनच्या मानकात आग वा स्फोट होताच कामा नये, असे बजावले आहे. पाच मिनिटांचा इशारा ऐकणारा शुद्धीवर आहे, त्याचे हातपाय मोकळे आहेत आणि दार उघडते आहे, हे जुन्या मानकाने गृहीत धरले होते. गंभीर अपघातात यांतले काहीच गृहीत धरता येत नाही.

आपल्याकडे ही जबाबदारी कोणाची? मोटारीचे मानक रस्ते वाहतूक मंत्रालय ठरवते. विद्युत वाहनांच्या प्रोत्साहनाची योजना अवजड उद्योग मंत्रालयाकडे आहे. करसवलत जीएसटी परिषद देते. आणि धडकेनंतर कटर घेऊन पोहोचणारे अग्निशमन दल? राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत ते नगरपालिकांच्या कामांत मोडते. केंद्राने वाहन रस्त्यावर आणायचे आणि ते पेटले की एखाद्या तालुक्याच्या नगरपालिकेने विझवायचे, अशी ही वाटणी आहे. उच्च दाबाची केबल मोटारीत कोठून जाते, पत्रा कोठे कापायचा नाही, हे सांगणारा बचाव-तक्ता प्रत्येक मोटारीसाठी असावा, यासाठी युरोपातील एनकॅप २०२० पासून गुण देते. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये भारत एनकॅपच्या सुधारित आवृत्तीचा मसुदा आला. त्यात धडकेतील संरक्षणाला ५५ टक्के, तर अपघातोत्तर सुरक्षेला ५ टक्के वजन आहे आणि अंमलबजावणीसाठी ऑक्टोबर २०२७ ची वाट पाहायची आहे. सुरुवात म्हणून पाच टक्केही चालतील, पण ही परीक्षा मुळात ऐच्छिक आहे. उत्पादकाला वाटले तर त्याने मोटार द्यावी, न वाटले तर देऊ नये.

ऐच्छिकतेचा हा मोह नवा नाही. सहा एअरबॅगांच्या सक्तीचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये आला; त्याची मुदत एका वर्षाने पुढे गेली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सक्तीची गरज नाही, असे खुद्द गडकरींनीच जाहीर केले. बाजार आपोआप सुधारेल, हा त्यामागचा युक्तिवाद होता. एअरबॅगांपुरता तो काही प्रमाणात खराही ठरला, कारण एअरबॅग विकता येते. बचाव-तक्ता विकता येत नाही. कोणत्याही जाहिरातीत तो झळकत नाही. म्हणून तेथे बाजार नव्हे, सरकारच हवे.

सरकारच्या हाती साधनही आहे. विद्युत मोटारीवर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे; पेट्रोलच्या मोटारीला सप्टेंबर २०२५ पासून आकारानुसार १८ वा ४० टक्के मोजावे लागतात. ही तफावत म्हणजे जनतेचा पैसा आहे. तो घेणाऱ्या उत्पादकाने मोटार धडक चाचणीला द्यावी, बचाव-तक्ता जाहीर करावा आणि दार हाताने उघडेल अशी सोय ठेवावी, ही अट अवाजवी म्हणता येणार नाही. जोडीला, अपघातांच्या वार्षिक अहवालात मोटार, टॅक्सी, व्हॅन असा जो एकच गठ्ठा बांधला जातो, त्यातून विद्युत मोटारी वेगळ्या काढायला हव्यात. मोजलेच नाही तर सुधारणार काय?

संसदेत तारांकित प्रश्नाला मंत्र्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते, उपप्रश्न झेलावे लागतात. अतारांकित प्रश्नाचे छापील उत्तर पटलावर पडून राहते. विद्युत मोटारींची स्थिती काहीशी तशीच आहे. धडकेच्या त्या निमिषाचे उत्तर पाच ताऱ्यांनिशी तयार आहे. त्यानंतरच्या मिनिटांचा प्रश्न, ज्यात आतला माणूस जगतो किंवा जळतो, अजून अतारांकित यादीत आहे. तो वर आणणे हे सभागृहाचे काम आहे.