विश्वास हेंच खरें भांडवल

शर्यतीच्या घोड्यास चोरून शक्तिवर्धक औषध देणें ही प्रतिस्पर्ध्याची फसवणूक तर खरीच. पण मुक्या जनावरावरील तो जुलूमहि होय. सन २०१३ च्या एप्रिलांत इंग्लंडांतील न्यूमार्केट येथें, दुबईचे अधिपति शेख महंमद यांच्या तबेल्यांतील ११ घोड्यांच्या अंगांत निषिद्ध स्टेरॉइडें आढळलीं. शेखसाहेब तेथील शर्यतींचे फार मोठे आश्रयदाते. तरीहि नियामक मंडळानें त्याच महिन्यांत त्यांच्या ट्रेनरावर ८ वर्षांची बंदी घातली व घोड्यांसहि ६ महिने मैदानाबाहेर ठेविलें. आश्रयदाता रुष्ट होईल या भयानें प्रकरण दडपतां आलें असतें. परंतु निकालावरील विश्वास उडाल्यावर शर्यत पाहावयास येणार कोण? व्यापाराचें खरें हितहि सचोटींतच आहे, असें आम्हांस वाटतें. विद्यार्थिमित्रहो, दुसऱ्याच्या वहींतून उतरलेल्या गुणांचेंहि असेंच नाहीं काय?