सुट्टीतला अपघात आणि आपला हक्क

मे महिन्यात आपली कुटुंबे खानवेलमार्गे नाशिककडे नाहीतर वापीवरून मुंबईकडे निघतात. भर दुपारचा प्रवास, पेंगुळलेला चालक, झिजलेले टायर! अपघात झाला की 'हद्द परराज्याची, कोर्टकचेरी कोण करणार' म्हणत रस्त्यावरच पाच-दहा हजारांत तडजोड होते. आम्हांस ही पद्धत मुळीच मान्य नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 नुसार जखमी माणूस राहतो तेथील न्यायाधिकरणातही भरपाईचा दावा करता येतो. अपघात तलासरीस झाला तरी दावा सिल्वासात चालू शकतो. मात्र 1 एप्रिल 2022 पासून दाव्यास सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले आहे, पण त्या भरवशावर बसू नये. पोलिसांतील फिर्यादीची नक्कल, दवाखान्याचे कागद, औषधांच्या पावत्या जपाव्यात. धडक देणारे वाहन पळून गेले, सापडलेच नाही, तरीही सरकारी योजनेतून मृत्यूस 2 लाख आणि गंभीर दुखापतीस 50 हजार रुपये मिळतात.

आणखी एक, आमच्या बँकेच्या खिडकीतले. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला अवघा 20 रुपये, अपघाती मृत्यूस संरक्षण 2 लाखांचे. विम्याचे वर्ष 31 मे रोजी संपते. खात्यात शिल्लक नसली तर हप्ता कापला जात नाही आणि विमा गुपचूप बंद पडतो. घरातल्या प्रत्येकाचे पासबुक या महिन्यातच भरून आणावे.