हेडफोन घेताय? आधी प्लेलिस्ट दाखवा!

गॅजेट्सवर चार लेख लिहिले की लोक तुम्हाला चालतंबोलतं शोरूम समजायला लागतात. लग्नाच्या पंगतीत, ट्रेनमध्ये, अगदी डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्येसुद्धा मला एकच प्रश्न येतो, ‘अगं, पाच हजारांत बेस्ट हेडफोन कुठला?’ आता हा प्रश्न म्हणजे ‘दोन हजारांत बेस्ट चप्पल कुठली?’ असं विचारण्यासारखा झाला. बाई गं, तुला राजगड चढायचाय की मावसबहिणीच्या लग्नात मिरवायचंय?

दोष विचारणाऱ्यांचा नाही म्हणा. ऑनलाइन सेलमध्ये सगळा माल किमतीच्याच चाळणीतून दिसतो आणि बॉक्सवर जे छापलेलं असतं, त्यातून काडीचा बोध होत नाही. ‘एक्स्ट्रा बास’, ‘४० एमएम ड्रायव्हर’, ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’. हा शेवटचा आकडा म्हणजे माणसाच्या कानाची ढोबळ रेंज. तीनशे रुपयांच्या इअरफोनवरही तो तितक्याच दिमाखात असतो. त्यावरून आवाजाचा दर्जा ठरवणं म्हणजे ‘येथे सर्व पदार्थ मिळतील’ या पाटीवरून हॉटेलातल्या जेवणाची चव ठरवणं.

तर माझा फंडा साधा आहे. पैशांचा प्रश्न सगळ्यात शेवटी. त्याआधी मला तीन गोष्टी सांगा : ऐकणार कुठे, जोडणार कशाला आणि ऐकता काय?

लोकलमध्ये की बेडरूममध्ये?

सकाळच्या फास्ट लोकलमध्ये उभं राहून ऐकणाऱ्याची पहिली गरज उत्तम आवाज ही नसतेच मुळी. बाहेरचा आवाज बंद होणं ही असते. गाडीची घरघर, दारातला वारा, शेजारच्या काकूंचा भाजीचा हिशोब... या सगळ्यावर आपण एकच उपाय करतो, व्हॉल्यूम वाढवतो. मग गाडी सिग्नलला थांबते, आजूबाजूला शांत होतं आणि एकदम जाणवतं, बापरे, एवढ्या मोठ्यानं ऐकत होतो आपण!

इथे मी जरा सीरियस होणार आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की, ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ऐकलं तर चालतं. ९० डेसिबलला मात्र आठवड्याचे फक्त चार तास. म्हणजे डोंबिवलीहून सीएसएमटीला जाऊन-येऊन रोज दोन-अडीच तास ९० डेसिबलनं गाणी ऐकत असाल, तर तुमचा आठवड्याचा कोटा मंगळवारी संध्याकाळीच संपतो. बुधवारपासून सगळं उधारीवर. आणि ही उधारी फेडता येत नाही, कारण आतल्या कानातल्या ज्या नाजूक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. पंचविशीत याची काही जाणीव होत नाही, तोच तर त्रास आहे.

म्हणून प्रवासात ऐकणाऱ्यांनी कानात घट्ट बसणारे, सिलिकॉनच्या टिप्सचे इन-इअर घ्यावेत. आणि हो, बॉक्समध्ये लहान-मोठ्या आकाराच्या ज्या जादा टिप्स येतात ना, त्या एकदा तरी लावून बघा. बहुतेक जण आधीपासून लावलेल्या मधल्या साइझवरच संसार करतात आणि मग ‘बास येत नाही’ म्हणून कंपनीला शिव्या घालतात. टिप सैल बसली की बास आधी पळतो, हे लक्षात ठेवा.

नॉइज कॅन्सलेशन परवडत असेल तर उत्तमच. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना १९७८ मध्ये विमानात बसल्या बसल्या ही कल्पना सुचली आणि सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा त्यांचा ‘क्वाएट कम्फर्ट’ आला तो २००० मध्ये! विमानात सुचलेली गोष्ट विमानासारख्याच आवाजावर सगळ्यात छान चालते. म्हणजे सतत चालणारी, खालच्या पट्टीतली घरघर. एसी, बस, ट्रेन, झकास. पण शेजारच्या सीटवर फोनवर भांडणारा माणूस ऐकू येतच राहील, त्यावर अजून तोडगा निघालेला नाही. फक्त एक विनवणी : रस्ता आणि रूळ ओलांडताना ते कानातून काढा. तिथे बाहेरचा आवाज ऐकू येणं हेच फीचर आहे.

घरी, रात्री, स्वतःच्या खोलीत ऐकणार असाल तर गोष्टच वेगळी. तिथे ओपन-बॅक, म्हणजे पाठीमागून जाळीसारखे उघडे असलेले हेडफोन वापरून बघा. आवाज डोक्यात कोंडल्यासारखा वाटत नाही, गायक समोर बसल्यासारखा वाटतो. तोटा एकच, तुम्ही जे ऐकता ते रूममेटलाही ऐकू येतं. वन बीएचकेत तिघी राहत असाल तर विषय संपला.

पंप आहे का पंप?

माझी एक मैत्रीण हिंजवडीत नोकरी करते. पहिला मोठा बोनस हातात आल्यावर तिनं कौतुकानं एका नामी कंपनीचा हेडफोन घेतला, २४ हजारांचा. रिव्ह्यूमध्ये सगळ्यांनी त्याला पाच तारे दिलेले. घरी आणून मोबाइलला लावला तर आवाज बारीक, पातळ, आजारी माणसासारखा. दुकानदार म्हणाला, ‘वापरा मॅडम, महिनाभरात मोकळा होईल.’ महिना गेला. हेडफोन काही मोकळा झाला नाही, मैत्रीण मात्र रडकुंडीला आली.

हेडफोन उत्तम होता. फक्त तो ३०० ओहमचा होता.

ओहम म्हणजे काय, हे मी तिला सोसायटीच्या भाषेत समजावलं. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नसेल तर आपण भारीतला नळ बसवतो का? नाही, पंप बसवतो. जास्त ओहमचा हेडफोन म्हणजे वरच्या मजल्यावरचा नळ. मोबाइलमधला प्रेशर तिथवर पुरत नाही. त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे पंप लागतो. मी माझा छोटा अ‍ॅम्प नेऊन तिच्या लॅपटॉपला जोडला आणि तोच हेडफोन असा काही बोलायला लागला की बाईसाहेब पहिली दहा मिनिटं गप्पच. पण २४ हजारांच्या वर अ‍ॅम्पचे आणखी आठ हजार गेले, हेही खरंच. हे तिला दुकानात सांगणं कुणाचं काम होतं? असो.

त्यामुळे मोबाइलला थेट लावायचा असेल तर साधारण ३२ ते ५० ओहमच्या आसपासचा बघा आणि त्याच्या शेजारी सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, ती शंभर डेसिबलच्या आसपास किंवा वर असू दे. कधी कधी एकच मॉडेल वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतं. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये आलेला आहे. दिसायला भाऊ-भाऊ, पण मोबाइलशी २५०वाल्याचं जमणार नाही. ऑनलाइन ऑर्डर करताना हा आकडा दोनदा वाचा. (प्लेनर मॅग्नेटिक प्रकारातले काही हेडफोन कमी ओहमचे असूनही पॉवर भरपूर खातात. पण त्या वाटेला जाणारे लोक हे वाचण्याच्या पुढे गेलेले असतात.)

आता तुम्ही म्हणाल, अगं बाई, माझ्या मोबाइलला जॅकच नाहीये! बरोबर. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून तो गेला आणि मग एकेक करून बहुतेकांनी काढला. मग दोन रस्ते. एक, यूएसबी-सीचा डोंगल. हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणारी ही इवलीशी वायर म्हणजे नुसती वायर नाही. डिजिटल गाण्याचा प्रत्यक्ष आवाज करणारी चिप तिच्यातच असते आणि चांगल्या कंपनीचा डोंगल भल्याभल्या लॅपटॉपपेक्षा स्वच्छ वाजतो.

दुसरा रस्ता ब्लूटूथचा. इथे चिप, अ‍ॅम्प, सगळं हेडफोनच्याच पोटात असल्यामुळे ओहमची कटकट नाही. कटकट आहे ती कोडेकची, म्हणजे हवेतून गाणं कुठल्या भाषेत पाठवायचं त्याची. ही भाषा दोन्ही बाजूंना यावी लागते. सोनीनं काढलेला एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिट्सपर्यंत माहिती पाठवू शकतो, पण आयफोनला एलडॅक येत नाही, त्याचं काम एएसीवर चालतं. तेव्हा हातात आयफोन असेल तर ‘एलडॅक आहे मॅडम’ या वाक्याचे जादा पैसे देऊ नका. एएसी काही वाईट नाही, ट्रेनमध्ये तर फरक कळणारही नाही. आणखी एक ऑफिसवाल्यांसाठी : लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली, ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू झाला की मागचं गाणं एकदम जुन्या टेलिफोनसारखं वाजायला लागतं. हेडफोन बिघडलेला नाही. बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकाच अरुंद वाटेनं जायला लागल्यामुळे तसं होतं.

भूप की ‘झिंगाट’?

आता माझा आवडता भाग, प्लेलिस्ट. आपल्या बाजारातले बरेचसे स्वस्त हेडफोन ‘व्ही-शेप’ ट्यून केलेले असतात. म्हणजे बास फुगवलेला, वरची छनछन वाढवलेली आणि मधला भाग खाली दाबलेला. ‘झिंगाट’ लावलं की मजा येते, दुकानात तीस सेकंद ऐकून माणूस खूश होतो आणि कार्ड काढतो. पण माणसाचा गळा राहतो कुठे? त्या मधल्या भागात! म्हणजे किशोरीताईंचा भूप लावला की त्या शेजारच्या खोलीत जाऊन गातायत असं वाटतं आणि तबल्याचा डग्गा मात्र तुमच्या मांडीवर.

शास्त्रीय, भावगीतं, अभंग, गझल ऐकणाऱ्यांनी म्हणूनच मधला भाग सरळ आणि स्वच्छ असलेला हेडफोन शोधावा. त्याची परीक्षा तानपुऱ्यावर घ्या. चांगल्या हेडफोनवर जव्हारी ऐकू येते, तारेच्या त्या एका स्वरातून वरचे बारीक स्वर उमलत राहतात. वाईट हेडफोनवर नुसता ‘घूं’ असा आवाज येतो. ही टेस्ट फुकट आहे आणि कुठल्याही रिव्ह्यूपेक्षा खरी आहे.

‘सैराट’सुद्धा (२०१६) फक्त ‘झिंगाट’ नाहीये हं. त्यातली सिंफनी अजय-अतुल यांनी हॉलिवूडला जाऊन, मोठा वाद्यवृंद बसवून रेकॉर्ड केली. फुगलेल्या बासखाली ती व्हायोलिन्स गाडली गेली तर एवढ्या लांब जाऊन उपयोग काय! हिप-हॉप आणि ईडीएमवाल्यांनी मात्र खुशाल बंद पाठीचा, बासवाला घ्यावा. त्यांचं संगीतच त्या धक्क्यावर उभं आहे. ते काही कमी प्रतीचे श्रोते नाहीत, हे मी काही ‘ऑडिओफाइल’ काकांना कळवू इच्छिते.

आणि जुनी नाट्यपदं? ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून आलेल्या त्या रेकॉर्डिंग्ज मोनो आहेत, खरखर आहे, वर-खाली फारशी रेंज नाही. तिथे चकचकीत, तपशील दाखवणारा महागडा हेडफोन खरखरच जास्त दाखवतो. साधा, जरा मऊ आवाजाचा बरा. १९८४ पासून चालत आलेला कॉस पोर्टा प्रो दिसायला खेळण्यासारखा आहे, पण या गाण्यांना काय गोड लागतो! अर्थात, कानावर नुसता टेकतो, त्यामुळे लोकलमध्ये निरुपयोगी.

आता काढा पाकीट

दोन हजारांच्या आसपास वायरवाले इन-इअर घ्या. चिनी कंपन्यांनी गेल्या काही वर्षांत इथे धमाल उडवली आहे आणि या किमतीत वायरलेसला हा आवाज जमत नाही. तीन ते सहा हजारांत वायरलेस घेताना तुम्ही बरेचसे पैसे बॅटरी, केस, माइक यांना देताय, आवाजाला उरलेले. सोय हवी असेल तर जरूर द्या, फक्त माहीत असू द्या. आणि बॅटरी काही वर्षांनी थकणार, हेही धरून चला. वायरवाल्याला ते दुखणं नाही. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ चा स्टुडिओ हेडफोन म्हणजे या दीर्घायुष्याचा चालता-बोलता पुरावा. दहा हजारांच्या पुढे मात्र दर हजारामागे मिळणारा फरक बारीक बारीक होत जातो. पंचवीस हजारांचा हेडफोन पाच हजारांच्या पाचपट चांगला नसतो, हे त्या हिंजवडीवालीलाही आता पटलंय.

लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत जाणार असाल तर पक्कं बिल आणि वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय हलू नका. ‘ओरिजिनल आहे मॅडम, फक्त बॉक्स नाही’ हे वाक्य ऐकलं की नमस्कार करून पुढच्या दुकानात. स्वतःची गाणी फोनमध्ये डाउनलोड करून न्या, त्यांच्या डेमोच्या गाण्यावर काहीही चांगलंच वाजतं. दोन हेडफोनची तुलना करताना व्हॉल्यूम सारखा ठेवा, कारण जरासा मोठा वाजणारा आपल्या कानाला नेहमी ‘चांगला’ वाटतो आणि विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. चष्मा असेल तर चष्मा लावून, झुमके घालत असाल तर झुमके घालून, किमान दहा मिनिटं डोक्यावर ठेवा. दुकानात दोन मिनिटांत टोचणारा हेडफोन घरी दोन तासांत छळतो. सेल्समन घड्याळ बघायला लागेल, लागू दे. पैसे तुमचे आहेत.

पुढच्या आठवड्यात स्पीकर्स. ज्यांचे शेजारी सहनशील आहेत त्यांनी जरूर वाचा.